मालिका, काळ आणि मत : 'रामायण'च्या अभिग्रहणाविषयी काही विचार

१

साहित्यकृतीविषयीचे मत काळाबरोबर बदलते, हे समीक्षेला नवे नाही. एका पिढीने डोक्यावर घेतलेली कादंबरी पुढच्या पिढीने बाजूला सारावी आणि उपेक्षित राहिलेला कवी अर्धशतकानंतर मध्यवर्ती ठरावा, अशी उदाहरणे प्रत्येक भाषेच्या वाङ्मयेतिहासात सापडतात. अशा बदलाची उपपत्ती लावताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो : मत बदलते, संहिता मात्र तीच राहते. दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. रामानंद सागर यांच्या 'रामायण' ह्या मालिकेच्या आधारे तो तपासून पाहावयाचा आहे. येथे एका लोकप्रिय मालिकेचे बरेवाईट ठरवावयाचे नाही. उत्तरकालीन मताला पूर्वकालीन मतापेक्षा अधिक अधिकार असतो काय, हा समीक्षेच्या प्रामाण्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२

'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवरून दर रविवारी सकाळी प्रक्षेपित झाली. तिच्याविषयीच्या मतांचे स्थूलमानाने तीन थर दिसतात.

पहिला थर प्रक्षेपणकालीन आहे आणि तो आरंभापासूनच दुभंगलेला आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतील समीक्षकांनी मालिकेची संथ गती, भडक अभिनय, कॅलेंडरावरील चित्रांची आठवण करून देणारे नेपथ्य आणि बाळबोध चमत्कारदृश्ये यांवर बोट ठेवले. उलटपक्षी, प्रेक्षकांपैकी अनेकजण स्नान करून मालिकेसमोर बसत, दूरचित्रवाणी संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. उत्तर भारतातील काही शहरांत तर मालिका उत्तरकांडापूर्वी संपू नये म्हणून सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजाला त्यांच्या आश्रमाची कथा पडद्यावर हवी होती. पुढे ती स्वतंत्र मालिकेच्या रूपाने आली. हा संपदेखील एक अभिग्रहणच होते. कोणती रामकथा पूर्ण म्हणावयाची, याविषयीचे ते मत होते.

दुसरा थर अभ्यासकांच्या मतांचा आहे. रोमिला थापर यांनी १९८९ साली 'सेमिनार' ह्या मासिकात लिहिताना रामकथेच्या अनेकविध परंपरांकडे लक्ष वेधले आणि शासकीय माध्यमाने त्यांतील एका रूपाला जणू राष्ट्रीय रूपाची प्रतिष्ठा देण्यातील धोका दाखविला. फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० मध्ये वेगळी दिशा धरली. समीक्षकांना दोष वाटलेली संथ गती, मुखमुद्रांवर रेंगाळणारा कॅमेरा, प्रसंगाचा ऐसपैस विस्तार, हे सारे कथावाचन, रामलीला आणि दर्शन यांच्या संकेतांतून आलेले आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अरविंद राजगोपाल यांचा ग्रंथ २००१ साली आला, तेव्हा मधल्या काळातील रामजन्मभूमी आंदोलन आणि ६ डिसेंबर १९९२ ची घटना वाचकाच्या डोळ्यांसमोर होती. मालिकेने एक समान काल-अवकाश निर्माण केला आणि राजकारणाने त्याचा उपयोग करून घेतला, अशी त्यांची मांडणी आहे. इंग्रजी आणि हिंदी वाचकवर्गांत विभागलेल्या जनक्षेत्राची त्यांची कल्पना पहिल्या थरातील दुभंगाचाही उलगडा करते.

तिसरा थर २०२० चा. टाळेबंदीच्या काळात २८ मार्चपासून मालिकेचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. या वेळी प्रशंसेचा सूर प्रामुख्याने स्मरणाचा होता. साधेपणा, निरागसता, सर्व कुटुंबाने एकत्र बसणे, असे शब्द पुन्हा पुन्हा वापरले गेले. १९८७ मध्ये ज्याला बाळबोधपणा म्हटले गेले, त्यालाच आता निरागसता म्हटले जाऊ लागले.

३

हान्स रॉबर्ट याउस यांच्या अभिग्रहण-सिद्धांतानुसार या बदलाचे स्पष्टीकरण सोपे आहे : अपेक्षाक्षितिज बदलले, म्हणून मत बदलले. परंतु याउस यांच्यापुढे ग्रंथ होता आणि ग्रंथ पुन्हा उघडता येतो. मालिकेचे तसे नाही. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दाखविल्याप्रमाणे दूरचित्रवाणीचा अनुभव सुट्या कृतींचा नसून प्रवाहाचा असतो. १९८७ च्या 'रामायण'मध्ये रविवारची सकाळ, बहुतेक ठिकाणी उपलब्ध असलेली एकच वाहिनी, शेजाऱ्यांनी भरलेली खोली आणि पुढील भागासाठी आठवडाभराची प्रतीक्षा, हे सर्व अंतर्भूत होते. २०२० मध्ये तीच चित्रफीत दररोज दोनदा, बंद घरात, शेकडो वाहिन्यांच्या सान्निध्यात दिसली. चित्रफीत तीच असली, तरी संहिता तीच होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मराठी वाचकाला या संदर्भात 'गीतरामायण' आठवल्यावाचून राहणार नाही. तेही १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यागणिक श्रोत्यांपर्यंत आले. परंतु ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते लवकरच पुस्तकरूपाने आणि सुधीर फडके यांच्या कार्यक्रमांतून प्रक्षेपणापासून मुक्त झाली. त्यांची पुनर्भेट शक्य झाली, म्हणून त्यांच्याविषयीचे मत कृतीवर पारखले जाऊ शकले. मालिकेविषयीचे उत्तरकालीन मत मात्र पुष्कळदा कृतीच्या स्मृतीविषयीचे मत असते. पुनःप्रक्षेपण ही स्मृती तपासते असे वाटते. प्रत्यक्षात ते बहुधा तिला दुजोरा देते, कारण प्रेक्षक मालिकेबरोबर स्वतःचे गेलेले वयही पाहत असतो.

४

यातून दोन प्रमाद संभवतात. पहिला प्रमाद पश्चात्दृष्टीचा. १९९२ ची घटना ज्ञात असलेला समीक्षक १९८७ च्या प्रत्येक चौकटीत तिची बीजे शोधू लागतो. असे केल्याने हार घालणारी गृहिणी, संप करणारा सफाई कामगार आणि आंदोलनाचा संघटक हे तिघे एकच प्रेक्षक ठरतात. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच संकेतभेदनाच्या तीन भूमिका सांगितल्या होत्या : प्रभुत्वमान्य, तडजोडीची आणि विरोधी. त्यांचे भान या वाचनात सुटते. दुसरा प्रमाद याच्या उलट, म्हणजे स्मरणरंजनाचा. त्यात मालिकेला तिच्या परिणामांपासून सोडवून बालपणाच्या सुरक्षित कोपऱ्यात ठेवले जाते. ज्या मालिकेतील सीतेची आणि रावणाची भूमिका करणारे कलावंत १९९१ मध्ये आणि रामाची भूमिका करणारे २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आले, तिला केवळ निरागस म्हणणे हा विस्मृतीचाच एक प्रकार होय.

'रामायण' चालू असतानाच, १९८८ च्या आरंभी, भीष्म साहनींच्या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची 'तमस' प्रक्षेपित झाली. तिच्यावर बंदी घालावी, ही मागणी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयानेही विरोधातील याचिका फेटाळली. दुबळ्या, डळमळीत मनाच्या प्रेक्षकाचा निकष न लावता विवेकी आणि खंबीर प्रेक्षकाचा निकष लावावा, हे त्या निर्णयामागील सूत्र होते. समीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर न्यायालयाने 'तमस'चा अभिप्रेत प्रेक्षक निश्चित केला. आज 'तमस' अभिजात मानली जाते. परंतु तिला 'धोकादायक' ठरविणारे मत खोडून निघाले, की तिचा धोकाच कुणाला जाणवेनासा झाला, हा प्रश्न उरतो. मान्यतेकडे होणारा प्रवास हा नेहमीच समजुतीकडे होणारा प्रवास नसतो.

५

तात्पर्य, मालिकेविषयीच्या मतांचा इतिहास ही चुकीकडून सत्याकडे जाणारी सरळ रेषा नाही. लुटगेनडॉर्फ यांनी पहिल्या थरातील समीक्षकांचा दोष दाखविला, कारण ते एका परंपरेचे निकष दुसऱ्या परंपरेला लावीत होते. ही खरी दुरुस्ती होय. २०२० च्या प्रशंसेने मात्र राजगोपाल यांच्या मांडणीची दुरुस्ती झालेली नाही. तिच्याकडे केवळ पाठ फिरविली गेली आहे. मत बदलणे आणि मत खोडले जाणे यांत भेद आहे. पहिली घटना काळ घडवून आणतो. दुसरीसाठी युक्तिवाद आणि पुरावा लागतो. 'काळानेच निर्णय दिला' असे आपण म्हणतो, तेव्हा हा भेद पुसला जातो आणि समीक्षेचे काम काळावर सोपविले जाते.

म्हणून सर्व मते सारखीच सापेक्ष आहेत, हा निष्कर्ष यातून निघत नाही. एवढेच निघते की, मालिकेवरील प्रत्येक मत त्याच्या तारखेसह आणि पाहण्याच्या स्थितीसह वाचले गेले पाहिजे : कोणी, कोठे, कोणाबरोबर आणि पुढे काय घडणार हे ठाऊक असताना की नसताना पाहिले. १९८७ चा प्रेक्षक पुढच्या भागाची वाट पाहत होता. आपल्याला तो भाग आणि त्यानंतरचा इतिहासही ठाऊक आहे. या ज्ञानाने आपले मत अधिक व्यापक होते, पण त्या प्रेक्षकाला काय दिसले हे सांगण्याचा अधिकार मात्र आपोआप प्राप्त होत नाही. तो अधिकार त्या काळाची साक्ष गोळा करूनच मिळवावा लागतो.