लहान लग्नाचीं छायाचित्रें

लग्नाचें छायाचित्र कलाकृति म्हणून पारखण्याची चाल आपल्याकडे नाहीं. नाटकाचें परीक्षण होतें, चित्रप्रदर्शनाचें होतें, पाककृतींच्या पुस्तकाचेंही होतें. परंतु जीं चित्रें खेड्यापाड्यांतून घरोघरीं लागतात आणि पन्नास-पन्नास वर्षें भिंतीवरून खालीं उतरत नाहींत, त्यांच्या गुणदोषांचा विचार करणें कोणास अगत्याचें वाटलेलें दिसत नाहीं. छायाचित्रकाराची गणना मंडपवाले, वाजंत्री आणि आचारी यांच्या पंक्तींत झाली, हें त्याचें एक कारण असावें. तरी आचाऱ्याच्या जिलबीवर निदान वर्षभर टीका चालते. छायाचित्रकाराच्या वांट्यास तेवढीही येत नाहीं.

येथें आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील माघ-फाल्गुनांतल्या लहान लग्नांपुरतेंच बोलणार आहोंत. हा प्रदेश आणि हा ऋतु मुद्दाम निवडला आहे. या दिवसांत कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, तूर घरांत पडलेली असते, हरभरा आणि गहू काढणीस आलेले असतात. हातांत थोडाबहुत पैसा असतो, पण सवड नसते. वैशाखांतल्या लग्नास मुलांच्या सुट्या असतात, दूरदूरचे नातलग येतात, मांडव दोन-तीन दिवस गजबजलेला राहतो. फाल्गुनांतलें लग्न सकाळीं उभें राहतें आणि दिवे लागण्याच्या सुमारास संपतें. मंडळी शंभर-दीडशें. घराच्या कुडाला पऱ्हाटीचे भारे टेकविलेले, आणि पलीकडे धुऱ्यावर पळस पानें टाकून नुसत्या फुलांनीं उभा. चित्रकारास याहून अधिक काय द्यावयाचें?

आणि तरीही या लग्नांचे अल्बम पाहूं लागलें म्हणजे पऱ्हाटी दिसत नाहीं, कूड दिसत नाहीं, मंडळीही दिसत नाहींत. वऱ्हाड हा शब्द या भागांत दोन अर्थांनीं चालतो : तें प्रांताचें नांव आहे, आणि लग्नास निघालेल्या मंडळींचेंही. रुक्मिणीचें माहेर म्हणून सांगितलें जाणारें कौंडिण्यपूर शेजारच्याच अमरावती जिल्ह्यांत आहे, तेव्हां हे दोन्ही अर्थ लोकांच्या मनांत फारसे वेगळे नसावेत. खेड्यांतल्या लग्नांत मुख्य वस्तु हें वऱ्हाड. नवरानवरी हें त्याच्या एकत्र येण्याचें निमित्त. आजच्या छायाचित्रांत निमित्त तेवढें उरलें आहे. लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगांत एकट्यानें पन्नासांहून अधिक पात्रें रंगमंचावर उभीं केलीं. आमचा छायाचित्रकार शंभर जिवंत माणसें समोर असतांना दोघांनाच उभीं करतो.

हा दोष केवळ आवडीनिवडीचा नाहीं. तो भिंगांतच बसविलेला आहे. सध्यां ज्या चित्रास ‘भारी’ म्हणतात, तें बहुधा ८५ मिलिमीटरच्या भिंगानें आणि एफ १.४ इतकें छिद्र उघडें ठेवून घेतलेलें असतें. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यावर हें भिंग साडेसहा फुटांवरील चेहऱ्याकडे रोखलें, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली दोन इंचांहून कमी भरते. नवरीचे डोळे रेखीव येतात, कान थोडे विरघळतात, आणि मागें उभी असलेली मावशी हा एक गुलाबी डाग होतो. याच्या उलट, ३५ मिलिमीटरचें साधें भिंग घ्यावें, छिद्र एफ ८ पर्यंत मिटवावें, आणि नजर १३ फुटांवर बांधावी. मग सुमारें साडेसात फुटांपासून ६० फुटांपर्यंत जें जें आहे तें सारें स्पष्ट येतें. साठ फूट म्हणजे लहान लग्नाचा सबंध मांडव, त्यापलीकडचें अंगण आणि पाण्याच्या टाकीशीं हात धूत असलेले पाहुणेही. पूर्वीं मंद फिल्मवर मांडवाच्या सावलींत एवढें छिद्र मिटविणें कठीण जाई, हें खरें. आजच्या कॅमेऱ्यांच्या संवेदनक्षमतेपुढें ती सबब राहिलेली नाहीं. मागचें धूसर होतें तें प्रकाशाच्या अभावीं नव्हे. तें धूसर व्हावें अशी इच्छा आहे म्हणून.

रोलचा काळ फार जुना नव्हे. १२० क्रमांकाच्या फिल्मवर चौरस १२ चित्रें निघत, लहान कॅमेऱ्याच्या रोलवर ३६. एवढ्या भांडवलावर संबंध लग्न भागवावयाचें असल्यामुळें छायाचित्रकार आधीं विचार करी आणि मग कळ दाबी. त्या चित्रांत कौशल्य फार होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. माणसें ताठ उभीं, डोळे वटारलेले, दिव्याच्या झोतानें मागच्या कुडावर काळ्या सावल्या. पण १२ चित्रांतलीं दोन-तीन तरी समुदायाचीं असत, आणि त्यांत कोण कोण आलें होतें याची खातरजमा चाळीस वर्षांनंतरही करतां येते. आतांचा छायाचित्रकार एका दिवसांत दोन-तीन हजार चित्रें घेतो, आणि आत्या कोणत्या रंगाचें लुगडें नेसून आली होती तें सांपडत नाहीं.

पीटर ब्रूगेल या चित्रकारानें १५६७ च्या सुमारास काढलेलें शेतकऱ्यांच्या लग्नाचें एक चित्र व्हिएन्ना येथील संग्रहालयांत आहे. खळ्याजवळच्या कोठारांत पंगत बसली आहे; दोन गडी बिजागरीवरून उतरविलेल्या दारावर वाडगे मांडून ते वाढावयास आणीत आहेत; पुढें जमिनीवर बसलेलें एक पोर मोराचें पीस खोवलेली मोठी टोपी डोळ्यांवर ओढून बोटें चाटीत आहे; दाराशीं आंत येणाऱ्यांची रेटारेटी आहे. नवरी मागें टांगलेल्या एका हिरव्या कापडापुढें स्वस्थ बसली आहे. नवरदेव कोणता, यावर पंडितांचा अद्याप वाद चालला आहे! लग्नाच्या चित्रांत नवरदेव हरवला तरी चित्र कमी झालें नाहीं, कारण वाढणारे, जेवणारे आणि ताटकळणारे सारे जागच्याजागीं आहेत. आमच्या इकडच्या पंगतीचें असें एक तरी चित्र अल्बमांत असावें, अशी अपेक्षा करणें फार नाहीं. प्रत्यक्षांत पंगत सुरू झाली कीं छायाचित्रकार जेवावयास बसतो. (त्यानें जेवूं नये असें नाहीं, दुसऱ्या पंगतीस बसावें.)

प्रकाशाविषयीं दोन शब्द. फाल्गुनांत यवतमाळकडील ऊन दुपारीं डोक्याशीं येतें आणि डोळ्यांच्या खोबणींत काळोख भरतें. त्यांतून सुटण्यासाठीं मांडवाखालीं यावें, तर तेथें लाल, पिवळ्या वा हिरव्या कापडांतून गाळलेला उजेड तोंडावर पडतो. आधींच हळदीनें माखलेली नवरी त्यांत कावीळ झाल्यासारखी दिसते. या साऱ्या गोंधळांत एकच वस्तु छायाचित्रकाराच्या बाजूची असते, ती म्हणजे अंतरपाट. पांढरें, ताणलेलें, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरलेलें कापड! बाजूचा उजेड त्यावरून परतून वधूच्या मुखावर जो पडतो, तसा कोणत्याही स्टुडिओंत विकत मिळणार नाहीं. मंगलाष्टकें चालूं असतांनाचा हा अवधि चांगला पांच-सात मिनिटांचा असतो. परंतु त्या वेळीं छायाचित्रकार पाट केव्हां सरकेल याच्या चिंतेंत समोर खुर्चीवर चढलेला असतो, आणि त्याच्या पाठीमागें असलेल्या मंडळींना त्याची पाठ दिसते. अक्षतांचेंही तसेंच. दाणा सेकंदाच्या साठाव्या भागांत तीन-चार बोटें खालीं येतो, म्हणून त्या गतीनें घेतलेल्या चित्रांत अक्षतांच्या रेघा उमटतात आणि पाऊस पडल्याचा भास होतो. पांचशेंव्या भागांत घेतलें तर दाणे हवेंत टांगलेले राहतात. आम्हांस रेघा बऱ्या वाटतात. टांगलेल्या दाण्यांत कोणी ते फेंकले आहेत असें वाटत नाहीं.

हाच ठरीव सांचा सर्वांच्या लग्नांस लावला जातो, ही आणखी एक तक्रार. १९५६ च्या धर्मांतरानंतर या जिल्ह्यांत बौद्ध पद्धतीचीं लग्नें गांवोगांवीं होतात. तेथें शुभ्र वस्त्रें असतात, बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढें वंदना आणि प्रतिज्ञा असतात; अंतरपाट नसतो. लग्नाचा सारा अर्थ तेथें बोलल्या जाणाऱ्या शब्दांत आणि ऐकणाऱ्या लोकांत आहे. ज्याला पाट सरकण्याचा क्षण एवढाच माहीत, तो छायाचित्रकार अशा लग्नांत काय टिपावें हें न कळून प्रतिज्ञा संपण्याची वाट पाहतो, आणि मग दोघांना पळसाखालीं घेऊन जातो.

पळसाखालीं नेण्यावर आमचा राग नाहीं. ‘प्री-वेडिंग’ नांवाच्या प्रकारास हंसणें सोपें आहे. पण जिची सारी वर्षें कापूस वेंचण्यांत जावयाचीं, त्या मुलीस एक दिवस सिनेमांतल्या नायिकेसारखें दिसावेंसें वाटलें तर तिला नांवें ठेवण्याचा अधिकार शहरी टीकाकारास कोणीं दिला? पूर्वींही स्टुडिओंत राजवाड्याचा जिना रंगविलेला पडदा असेच. प्रश्न एवढाच, कीं त्या पडद्यापुढचें चित्र झाल्यावर घरच्या अंगणांतलें एक चित्र निघतें कीं नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत साथीमुळें लग्नास ५० पाहुण्यांची मर्यादा पडली, आणि २०२१ च्या फेब्रुवारींत साथ अमरावती-यवतमाळ भागांत पुन्हां उसळल्यावर येथील समारंभांवर फिरून निर्बंध आले. पन्नास माणसें तीन ओळींत सहज मावतात. समुदायचित्र मागें पडलें तें गर्दीमुळें, असें जे म्हणत, त्यांना ही संधि आयती चालून आली होती. पण तेव्हांही धूसर पार्श्वभूमीवर दोनच चेहरे काढण्याची रीति सुटली नाहीं.

जुन्या समुदायचित्राची बाजू घेतांना त्याचा अन्याय लपवितां येणार नाहीं. खुर्च्यांवर कर्ते पुरुष, मागें तरुण, कडेला स्त्रिया. आणि विधवा चौकटीबाहेर. या जिल्ह्यांत ही शेवटची गोष्ट लहान नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें यवतमाळचें नांव देशभर गेलें. २०१९ च्या जानेवारींत यवतमाळास भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेनें केलें, आणि त्या व्यासपीठाचीं छायाचित्रें सर्वत्र छापलीं गेलीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवांविषयींच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि तो कित्ता इतर ग्रामपंचायतींनीं गिरवावा असें राज्य सरकारनें सुचविलें. परंतु लेकीच्या लग्नांत ती आई अजूनही पुष्कळदां मांडवाच्या खांबाआड असते. घरांत भिंतीवर हार घातलेली तसबीर असते, ती कित्येकदां त्या दोघांच्याच लग्नाच्या चित्रांतून कापून मोठी केलेली. कारण त्या माणसाचें दुसरें चित्र कोणीं काढलेलेंच नसतें. तिच्या एका कडेला शेजारणीच्या खांद्याचा तुकडा राहून गेलेला दिसतो. तो खांदा तिचाच.

असें कापून घेण्याजोगें चित्र निदान स्पष्ट असावें लागतें. मागच्या ओळींतल्या कोणाचें चित्र पुढें कशासाठीं हवें होईल हें त्या दिवशीं कोणास ठाऊक नसतें, म्हणून सर्वांनाच एफ ८ वर घ्यावें. दुपारच्या लग्नांत त्याची खरी वेळ पाठवणीपूर्वींची. या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आगेमागें मावळतो. त्याआधींचा अर्धा तास ऊन आडवें आणि तांबूस होतें, डोळ्यांच्या खोबणींतला काळोख निघून जातो, कुडाला टेकविलेल्या पऱ्हाटीलाही रंग चढतो. गाड्या अजून सुरू झालेल्या नसतात. दोन्हीकडचीं माणसें अंगणांत उभीं असतात, आणि आई उंबऱ्याच्या आंतल्या अंगाला.