‘ब्रह्मचारी’तील विनोदाचे लक्ष्य

‘ब्रह्मचारी’ (१९३८) या बोलपटाची कीर्ती आमच्या लोधीपुऱ्यापर्यंत पोहोचली, ती एका गीतामुळे व त्यातील मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखामुळे. वडीलधारी मंडळी त्याचा उल्लेख आवाज उतरवून करीत. बुऱ्हाणपुरात मराठी घरे पुष्कळ. पण जुना मराठी बोलपट दृष्टीस पडणे विरळाच. हंस पिक्चर्सची ही कृती समग्र पाहण्याचा योग मला पन्नाशी उलटल्यावर आला.

देशभक्त जटाशंकरांचे व्याख्यान ऐकून औदुंबर नावाचा एक सामान्य तरुण ब्रह्मचर्याची शपथ घेतो, संग्रही असलेली नटींची चित्रे टाकून देतो आणि एका आचार्यांच्या आश्रमात दाखल होतो. पुढे किशोरी येते आणि व्रत डळमळू लागते.

व्रतभंगाची कथा आपल्याकडे नवी नाही. परंतु मेनकेला इंद्राने धाडले होते. किशोरीला कोणीही धाडलेले नाही. तिला हा तरुण आवडला आहे, इतकेच. या दृष्टीने पाहिले असता त्या गाजलेल्या प्रसंगातील धिटाई पोशाखापेक्षा तिच्या निःसंकोच पुढाकारात अधिक आहे, असे मला वाटते. पोशाखाचा गवगवा झाला आणि पुढाकाराकडे मात्र दुर्लक्ष झाले!

येथे अत्र्यांचा उपहास ब्रह्मचर्यावर नाही, तो उसन्या व्रतावर आहे. औदुंबराची शपथ त्याच्या अनुभवातून उगवलेली नाही. ती व्यासपीठावरून त्याच्या हाती आली आहे. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकातही अत्र्यांनी माणसांच्या खुळांचीच थट्टा केली होती. ते स्वतः पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. मुलांपुढे होणारी व्याख्याने किती सहज टाळ्या मिळवितात आणि त्यांतून निघालेले संकल्प किती दिवस टिकतात, हे त्या व्यवसायात कळावयास वेळ लागत नाही. शाळेच्या प्रार्थनेनंतर पाहुण्यांनी देवविलेल्या प्रतिज्ञा आम्हीही ऐकतोच की!

आश्रमाचे चित्रण काहीसे भडक उतरले आहे. तेथे प्रहसन कथेच्या पुढे धावते. तोल सांभाळला आहे तो मास्टर विनायकांनी. दिग्दर्शन त्यांचे आणि औदुंबरही तेच. ते औदुंबराला मूर्ख करीत नाहीत. शपथ घेताना तो जितका प्रामाणिक, तितकाच किशोरीपुढे गोंधळतानाही. म्हणून आपण हसतो, पण त्याला खाली पाडून नव्हे.