लेबलवरचे नाव आणि तबकडीतला माणूस

जुन्या जॅझच्या तबकडीवर दोन नावे हमखास असतात : गाण्याचे आणि बँडचे. ज्यांच्या श्वासाने आणि बोटांनी ती तबकडी भरलेली असते, त्या वादकांची नावे मात्र बहुधा नसतात. १९२० च्या दशकातल्या अमेरिकन कंपन्यांच्या नोंदवह्यांत मॅट्रिक्स क्रमांक सापडतो, तारीख सापडते, गाण्याचे शीर्षक सापडते. कॉर्नेट कोणी वाजवला, हे लिहून ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. ती उणीव पुढे हौशी आणि चिकाटीच्या माणसांनी भरून काढली. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोनेची 'हॉट डिस्कोग्राफी' निघाली. पुढे इंग्लंडच्या ब्रायन रस्टने १८९७ ते १९४२ या काळातल्या जॅझ ध्वनिमुद्रणांची प्रचंड सूची तयार केली. आज सीडीच्या वेष्टनावर वादकांची जी यादी आपण निमूटपणे वाचतो, तिच्या पाठीशी अशा लोकांचे कान, पत्रव्यवहार आणि म्हाताऱ्या वादकांच्या आठवणी उभ्या असतात.

या यादीवर विश्वास किती ठेवावा, हा खरा प्रश्न आहे.

काही प्रकरणे सोपी आहेत. लुई आर्मस्ट्राँग ओके कंपनीशी करारबद्ध होता. तरी १९२६ मध्ये व्होकॅलियनसाठी 'लिल्स हॉट शॉट्स' या नावाखाली तो वाजवून गेला. नाव लपले, आवाज लपला नाही. १९५३ मध्ये टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या मैफलीची रेकॉर्ड निघाली तेव्हा करारामुळे चार्ली पार्करचे नाव 'चार्ली चॅन' असे छापावे लागले. जाणकारांनी ते हसून सोडून दिले. ड्यूक एलिंग्टनचा ताफा तर एका कंपनीकडे 'जंगल बँड' होता आणि दुसरीकडे 'हार्लेम फूटवॉर्मर्स'. ही सारी नावे व्यापाराची होती. लेबल ही साक्ष नसते, तो सौदा असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पण त्या सौद्यात वर्ण शिरला की गुंता वाढतो. १९२१ पासून 'लॅड्स ब्लॅक एसेस' या नावाने वाजवणारे वादक गोरे होते. ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची अभिमानास्पद कंपनी; पण तिनेही पुढे गोऱ्या बँडची ध्वनिमुद्रणे टोपणनावांनी विकली. याच बाजारात १९२८-२९ मध्ये लॉनी जॉन्सन आणि 'ब्लाइंड विली डन' यांच्या गिटारच्या जोडरेकॉर्ड्स आल्या. हा विली आंधळा नव्हता आणि विलीही नव्हता. तो होता फिलाडेल्फियाच्या इटालियन कुटुंबातला साल्व्हातोरे मास्सारो, म्हणजेच एडी लँग. एक काळा आणि एक गोरा कलावंत शेजारी बसून बरोबरीने वाजवत आहेत, हे सत्य तबकडीत कोरले जात होते आणि त्याच तबकडीच्या लेबलवर झाकले जात होते. कलेला जे सहज जमले ते छापखान्याला जमले नाही.

एप्रिल १९२९ मध्ये याच नावाने 'जिन बॉटल फोर' या चमूची 'जेट ब्लॅक ब्लूज' ही रेकॉर्ड झाली. तिच्यातला कॉर्नेट किंग ऑलिव्हरचा, असे सूच्यांमध्ये वर्षानुवर्षे छापले गेले. ऑलिव्हर म्हणजे आर्मस्ट्राँगचा उस्ताद. हिरड्यांच्या दुखण्याने या काळात त्याचे वादन मंदावत होते, स्वतःच्याच रेकॉर्ड्सवर पुष्कळदा त्याचे सोलो दुसरे वाजवत होते. अशा वेळी उस्तादाची एक अखेरची झलक हाती लागल्याचा आनंद कोणाला होणार नाही ? पुढे काही अभ्यासकांनी पुन्हा ऐकले आणि टॉमी डॉर्सीचे नाव पुढे केले. डॉर्सी पुढे गाजला तो ट्रॉम्बोनवर. पण १९२८-२९ मध्ये त्याने ओकेसाठीच स्वतःच्या नावाने ट्रम्पेटही वाजवला होता आणि साथीला गिटारवर लँगच होता. अनेकांना आज हे मत अधिक पटते.

येथे दोष केवळ एका नावाचा नाही. लेबलने 'ब्लाइंड विली' म्हटले, शीर्षकात 'ब्लॅक' आले, आणि कान त्याच रंगात ऐकू लागले. कानाची साक्ष मोलाची असते, पण कान निष्पाप नसतो. शिवाय कीर्तीलाही ओढ असते. निनावी सोलो मोठ्या नावाकडे घरंगळत जातो. १९२९ च्या काही रेकॉर्ड्सवर बिक्स बायडरबेक वाजवतो की त्याच्या शैलीत वाजवणारा अँडी सिक्रेस्ट, हा वाद म्हणूनच रंगत राहिला. उलट, एलिंग्टनच्या 'ब्लॅक अँड टॅन फँटसी'ची नोव्हेंबर १९२७ मधली ओकेवरची आवृत्ती ऐकताना बबर मायलीच ओठावर येतो, कारण ती रचना त्याच्या नावाशी जडलेली आहे. त्या दिवशी त्याच्या जागी होता विशीही न गाठलेला जॅबो स्मिथ. मायलीच्या कीर्तीला एका सोलोने काही उणे-अधिक होत नाही. जॅबोसारख्याची मात्र तीच कमाई असते. म्हणून चुकीची ओळख हा तपशिलाचा किरकोळ दोष नव्हे. तो गरिबाच्या घरातून श्रीमंताच्या घरी नेलेला माल आहे.

आपल्याला जवळचा वाटावा असा आणखी एक पैलू आहे. १९४० च्या दशकात अनेक अमेरिकन जॅझ वादकांनी इस्लाम स्वीकारला. एडमंड ग्रेगरी साहिब शिहाब झाला, लिओनार्ड ग्रॅहम इद्रीस सुलेमान झाला. केनी क्लार्कने लियाकत अली सलाम हे नाव घेतले, पण रेकॉर्ड्सवर तो केनी क्लार्कच राहिला. १९४९ मध्ये डिझी गिलेस्पीच्या ताफ्यातला सॅक्सोफोनवादक बिल इव्हान्स म्हणजे पुढचा युसुफ लतीफ. प्रसिद्ध पियानोवादक बिल इव्हान्सशी त्याचा काही संबंध नाही. सूचीकाराने ही दोन नावे जोडलीच पाहिजेत, नाहीतर एकाच माणसाची दोन अर्धी आयुष्ये उरतात. पण 'चार्ली चॅन' आणि 'युसुफ लतीफ' यांना 'टोपणनाव' या एकाच रकान्यात बसवणे अन्यायाचे आहे. पहिले नाव कराराने लादले. दुसरे माणसाने स्वतःसाठी निवडले आणि २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत निभावले. वर्णद्वेषाच्या जाचातून सुटण्यासाठी काहींनी अशी नावे घेतली, असे गिलेस्पीने १९७९ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण सहा दशके जपलेल्या नावाचा उलगडा तेवढ्याने होत नाही.

चांगल्या सूचीची परीक्षा तिच्यात किती नावे आहेत यावर होऊ नये. नोंदवही काय म्हणते, वादकाची आठवण काय म्हणते आणि कान काय म्हणतो, हे तिने वेगवेगळे सांगावे. तिन्ही गप्प असतील तेथे 'अज्ञात' असे लिहावे. त्या शब्दात कमीपणा नाही. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याची जागा दुसऱ्या कोणाला न देण्याची ती सभ्यता आहे.