इंगे लेहमान यांचे संशोधनकार्य आणि संदर्भोल्लेखांचे मोजमाप : एक चिकित्सा

एखाद्या संशोधकाच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, यावरून त्याच्या कार्याचे मूल्य ठरवावे, हा विचार आपल्या प्राध्यापकवर्गाला आता नवा राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमावलीने गुणांकनपद्धती आणली; 2018 च्या नियमावलीत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार निबंधाचे गुण वाढत जाण्याची तरतूद झाली. या मोजपट्टीने एका सर्वमान्य संशोधिकेचे कार्य मोजू गेल्यास काय हाती लागते, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे. त्यासाठी डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान (1888–1993) यांची निवड केली आहे.

पृथ्वीला गाभा आहे, हे ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये दाखविले होते. (हे ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे, 1897 च्या आसाम भूकंपाचा त्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे.) गाभा द्रवरूप असल्याचे जेफ्रीज यांनी 1926 मध्ये प्रतिपादन केले. द्रवात शिरताना प्राथमिक लहरी वाकतात आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यात त्या पोहोचतच नाहीत, म्हणून या पट्ट्यास छायाक्षेत्र म्हणतात. परंतु जून 1929 मध्ये न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा छायाक्षेत्रातील काही केंद्रांवर क्षीण लहरींच्या नोंदी मिळाल्या. गाभ्याच्या कडेवरून वळून आलेल्या या लहरी असाव्यात, असे त्या वेळचे स्पष्टीकरण होते. लेहमान यांना ते पटले नाही. गाभ्याच्या आत अधिक वेगाचा आणखी एक गोल आहे आणि त्याच्यामुळे या लहरी छायाक्षेत्रात येतात, असे त्यांनी अगदी साध्या गणिती प्रतिकृतीच्या आधारे 1936 मध्ये मांडले. गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी 1938 मध्ये या कल्पनेला दुजोरा दिला.

या निबंधाचे शीर्षक म्हणजे एक अक्षर आणि त्यावर एक रेघ, ‘पी प्राइम’ एवढेच. तो आंतरराष्ट्रीय भूकंप कार्यालयाच्या प्रकाशनमालेत छापला गेला. अशा शीर्षकाचा निबंध संगणकीय सूचीत शोधणेच अवघड, मग उल्लेखांची अचूक गणना दूरच. शिवाय गारफील्ड यांची विज्ञान संदर्भसूची 1960 च्या दशकात प्रत्यक्षात आली. तोवर अंतर्गाभा क्रमिक पुस्तकात स्थिरावला होता. जे ज्ञान सर्वांचे होते, त्याच्या मूळ लेखाचा उल्लेख हळूहळू कोणी करीत नाही, हे समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी निदर्शनास आणलेच आहे. म्हणजे निबंधाचा प्रभाव परमोच्च झाल्यावरच त्याच्या उल्लेखांना ओहोटी लागते.

आक्षेप एवढाच असता तर तो जुनाच म्हणावा लागेल. अधिक गंभीर बाब अशी की, जेथे लेहमान यांचा उल्लेख होतो तेथेही तो पुष्कळदा चुकतो. ‘लेहमान यांनी 1936 मध्ये घन अंतर्गाभा शोधला’ असे वाक्य अनेक ठिकाणी आढळते. वस्तुतः तो घन आहे, असा दावा त्या निबंधात नाही. ती कल्पना बर्च यांनी 1940 मध्ये मांडली आणि झीवोन्स्की व गिल्बर्ट यांनी 1971 मध्ये पृथ्वीच्या मुक्त कंपनांवरून तिला भक्कम आधार दिला. मूळ निबंध न वाचता केलेला उल्लेखही गणनेत एकच धरला जातो आणि वाचून केलेलाही एकच. उल्लेखसंख्या वाचनाचा पुरावा होऊ शकत नाही, हे निवड समितीवर बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तरीही समोर येतो तो तक्ता, निबंध नव्हे.

लेहमान यांचे दैनंदिन काम तर कोणत्याच तक्त्यात बसत नाही. 1928 पासून 1953 पर्यंत त्या डेन्मार्कच्या भूमापन संस्थेत भूकंपशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. कोपनहेगन आणि ग्रीनलंडमधील केंद्रांची देखरेख, नोंदींचे वाचन, वार्तापत्रे काढणे हे त्यांचे काम. अशी वार्तापत्रे जगभर वापरली जातात, पण त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. 1936 चा निष्कर्ष मात्र अशाच निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यातून निघाला.

याचा अर्थ संदर्भोल्लेख निरुपयोगी आहेत, असा नाही. एखाद्या विषयात कोण कोणाशी संवाद करीत आहे, हे त्यावरून चांगले कळते. गारफील्ड यांचा मूळ हेतूही संदर्भ शोधण्याचा होता. तसेच दुर्लक्षित राहिलेला प्रत्येक निबंध ‘पी प्राइम’ असतो, असे समाधान मानण्याचेही कारण नाही. अनेक निबंधांचा उल्लेख होत नाही, कारण त्यांत उल्लेखण्याजोगे काही नसते. हे आपल्याच नियतकालिकांविषयी बोलताना विसरता कामा नये.

हिर्श यांनी 2005 मध्ये सुचविलेला एच-निर्देशांक येथे विशेष अडचणीचा ठरतो. निबंधांची संख्या हीच त्याची कमाल मर्यादा असल्याने, एकाच निबंधाने शास्त्राची दिशा बदलणाऱ्या अभ्यासकाला त्यात जागा नाही. सेवानिवृत्तीनंतरच्या कार्याचाही विचार करावा लागेल. लेहमान 1953 मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर अमेरिकेत वेळोवेळी राहून त्यांनी प्रावरणाच्या वरच्या भागाचा अभ्यास केला. सुमारे 220 किलोमीटर खोलीवरील लहरींच्या वेगातील बदलाला आज त्यांचे नाव आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना 1969 मध्ये मिळाले, तर बोवी पदक 1971 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी. आपल्या पदोन्नतीच्या अर्जात निवृत्तीनंतरच्या कामासाठी रकानाच नसतो.