आफ्रिकान्सची मागची खोली

आफ्रिकान्स भाषा आता शेवटच्या घटका मोजतेय, असं दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या वाचकवर्गात बरीच वर्षं बोललं जातंय. कारणं आहेतच. स्टेलनबॉश विद्यापीठाने इंग्रजीला झुकतं माप दिलं आणि 2019 साली घटना न्यायालयाने ते धोरण उचलून धरलं. घरात आफ्रिकान्स बोलणाऱ्यांचा वाटा 2011 च्या जनगणनेत 13.5 टक्के होता, तो 2022 मध्ये 10.6 वर आला. शेजारच्या नामिबियात ती बाजारात सर्रास चालते, पण 1990 पासून राजभाषेचा मान एकट्या इंग्रजीकडे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात जाऊन वसलेल्या बोअर कुटुंबांत ती बोलणारी मोजकी वयस्क मंडळी उरलीत. तिथे ही भीती खरीच आहे.

केप टाऊनच्या बाहेर पसरलेल्या केप फ्लॅट्सवर मात्र ही भीती टिकत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली आफ्रिकान्समधली सगळ्यात जिवंत कविता मला तिथलीच वाटते. यात नवल नाही. आफ्रिकान्स मातृभाषा असलेल्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक लोक मिश्रवंशीय, तिथल्या सरकारी भाषेत ‘कलर्ड’ आहेत. भाषा घडली तीही अशाच सरमिसळीत. 1652 नंतर केपला आलेले डच, मूळचे खोइखोइ, आणि इंडोनेशिया, मादागास्कर, बंगाल, मलबारहून धरून आणलेले गुलाम यांच्या रोजच्या व्यवहारात डचचं व्याकरण झिजत गेलं. केपच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहीत. धर्मपंडित अबू बक्र एफेंदींचा इस्लामी आचारांवरचा आफ्रिकान्स ग्रंथ 1877 साली इस्तंबूलमध्ये छापला गेला. पार्लच्या गोऱ्या भाषाभिमान्यांनी आपली संस्था काढली ती 1875 साली. पुढे 1925 मध्ये आफ्रिकान्सला राजमान्यता मिळाली, 1975 मध्ये पार्लच्या डोंगरावर भाषेचं स्मारकही उभं राहिलं. त्याला वर्ष व्हायच्या आत, 16 जून 1976 रोजी, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतली शाळकरी मुलं याच भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

साठच्या दशकातल्या गोऱ्या बंडखोर लेखकांचं कौतुक आजवर भरपूर झालं, आणि ते रास्तही आहे. ब्रेटन ब्रेटनबाखने सात वर्षं तुरुंगात काढली, आन्द्रे ब्रिंकच्या कादंबरीवर 1974 साली बंदी आली. तरी हे भांडण बरंचसं घरातल्या घरात, बापाशी होतं, आणि ते बापाच्याच प्रमाणभाषेत झालं. वेगळा होता तो अ‍ॅडम स्मॉल. केप फ्लॅट्सची बोली, म्हणजे काप्स, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, पूर्ण भाषा आहे, असं त्याने ठणकावून सांगितलं आणि तीत नाटक-कविता लिहिली. त्याचं ‘कान्ना’ नाटक 1965 चं. आफ्रिकान्समधला मानाचा हेर्टझोग पुरस्कार त्याला मिळाला 2012 साली. इतक्या उशिरा दिलेला मान कौतुकापेक्षा ओशाळवाणाच वाटतो.

प्रमाणभाषेतून, गोऱ्यांच्या घरात मिश्रवंशीयांची जागा कोणती, हा प्रश्न सर्वांत खोल गेला तो मार्लेन फान नीकेर्कच्या ‘आगात’ (2004) या कादंबरीत. स्वेलेनडामजवळच्या शेतावर मिला ही गोरी मालकीण स्नायूंच्या आजाराने अंथरुणाला खिळली आहे. पापण्यांखेरीज काही हलत नाही. तिचं सगळं करते मिश्रवंशीय आगात. ती लहान असताना मिलाने तिला उचलून घरात आणलं, लेकीसारखं वाढवलं आणि स्वतःला मूल होणार म्हटल्यावर मागच्या खोलीत मोलकरीण म्हणून पाठवलं. आता आगात मुळाक्षरांचा तक्ता धरते, मिला पापणी मिटून अक्षर निवडते. मिलाच्या जुन्या रोजनिशाही आगातच तिला मोठ्याने वाचून दाखवते. आफ्रिकान्समध्ये शेतावरच्या कादंबऱ्यांची जी लाडकी परंपरा आहे, तिचा इतका निर्दय हिशेब दुसऱ्या कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. पण निवेदन शेवटपर्यंत मिलाचं आणि तिच्या घरच्यांचंच राहतं. आगातच्या मनात काय चाललंय, ते आपण तिच्या भरतकामावरून आणि करड्या शिस्तीवरून ताडायचं.

रोनेल्डा काम्फर आणि नेथन ट्रान्ट्राल हे केप फ्लॅट्सचे कवी लिहू लागले ते या मागच्या खोलीतून. काम्फरचा पहिला संग्रह 2008 चा, ट्रान्ट्रालचा 2013 चा. काम्फरची ओळ कोरडी, जवळजवळ तुटक. टोळीयुद्धात गेलेल्या पोराबद्दलही ती गळा काढत नाही. ट्रान्ट्राल लेखनच बोलीत आणतो: प्रमाणभाषेत ‘तू’साठी ‘येय’ म्हणतात, त्याच्याकडे ते ‘जेय’ असं, कानाला येतं तसंच छापलं जातं. सवय नसलेल्या वाचकाला पान मोठ्याने वाचावं लागतं, आणि कवितेचा ताल तेव्हाच सापडतो.

खटकतं ते वेगळंच. पुस्तकं विकत घेणारा, महोत्सवांची तिकिटं काढणारा वर्ग अजून बहुतांशी गोरा आहे. त्याला काप्समधून दारू, टोळ्या, मार खाणाऱ्या बायका एवढंच हवं असतं आणि काही नवे कवी ते इमानेइतबारे पुरवतात. काप्समधली प्रेमकविता, निसर्गकविता, नुसती रिकामटेकडी गंमत त्या मानाने फार कमी छापली जाते. दरम्यान 2021 साली काप्स, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा त्रिभाषी शब्दकोशाचं काम वेस्टर्न केप विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हिप-हॉप कलावंतांना सोबत घेऊन हाती घेतलं. त्याने शुद्धलेखनाचे वाद मिटतील की नव्याने पेटतील, कोण जाणे. ट्रान्ट्राल काही कोश हातात येईपर्यंत थांबला नव्हता.