‘कंदीसा’तली नर्मदा

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा ‘कंदीसा’ हा अल्बम 2000 साली आला. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणावे की फ्यूजन, हा वाद जाणकारांनी घालावा. लांब वाद्यखंड, पालटते ठेके आणि घाई नसलेली मांडणी त्यात आहे, एवढे खरे. शीर्षकगीत ही सुरियानी ख्रिस्ती परंपरेतली आरामी प्रार्थना. त्या शब्दात आपल्या कानाला ‘कुद्दूस’ लगेच ओळखू येतो. पण मला बोलायचे आहे ते ‘मा रेवा’विषयी.

हे नर्मदाकाठचे लोकगीत. बास गिटार वाजवणारे राहुल राम हे पर्यावरणीय विषशास्त्राचे डॉक्टर. 1990 नंतरची काही वर्षे ते नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि हे गाणे तिथलेच. त्यात धरणाचे नाव नाही, कुणाला जाब नाही. आहे ती नदीची थोरवी. चळवळीच्या गाण्यांत घोषणा पुढे आणि सूर मागे, हे आपण पुष्कळ ऐकले. (आपल्या मुस्लिम मराठी कवितेतही हा दोष आहे, कबूल करू या.) इथे सुष्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला शब्दांना वाहू देतात. ऐकणारा आधी नदीवर जीव लावतो.

मर्यादाही तीच. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीत 1993 च्या पावसाळ्यात धरणाचे पाणी शिरले. अल्बम आला त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. हे ठाऊक नसेल तर ‘मा रेवा’ निव्वळ भजन ठरते.

गारखेड्यात बसून ऐकताना मला आणखी एक गोष्ट टोचते. आमचे पाणी जायकवाडीचे. नाथसागराखालीही गावे गेली. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालच्या नहरीने शहरात पाणी आणले, त्यासाठी गाव बुडवावे लागले नव्हते. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही दिवसचे दिवस नळाची वाट पाहिली, ओरडलो. पण त्या पाण्याखाली काय आहे, हे कुणी विचारले नाही, मीही नाही. ‘मा रेवा’ बुडणाऱ्यांच्या बाजूने गाते. धरणाचे पाणी पिणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ती अलगद सोडून देते. ही सूट मला खटकते, तरी अल्बममध्ये पहिला मान मी याच रचनेला देईन.