खून गावचाच हवा

कोझी मिस्टरी या कादंबरीप्रकाराची टिंगल करणं अगदी सोपं आहे. एक टुमदार गाव, चहाच्या किटल्या, एखादं मांजर आणि पहिल्या पन्नासेक पानांत कुणीतरी मरून पडलेलं. रक्त फारसं दिसत नाही, शिव्या ऐकू येत नाहीत, शय्यागृहाचं दार लोटलेलंच राहतं. पोलीस असतात, पण खुनी शोधते एखादी हौशी, बहुधा बाई. या घराण्याच्या इंग्रजी पूर्वजांवर रेमंड चँडलरने १९४४मध्ये सणसणीत कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी समीक्षक एडमंड विल्सनने अगाथा ख्रिस्तीच्या रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारलं याची फिकीर कुणाला, असं लेखाच्या शीर्षकातच विचारून उरलीसुरली कसर भरून काढली. वाचक मात्र ढिम्म हलला नाही. कवी ऑडेनने १९४८च्या निबंधात या कथा आपल्याला तंबाखूसारख्या लागतात असं कबूल केलं आणि मर्मावर बोट ठेवलं: खुनाआधी ते गाव निष्पाप वाटलं पाहिजे, तरच प्रेत तिथे विजोड दिसतं.

अशा कादंबऱ्यांचं परीक्षण करणारे सहसा दोन गोष्टी तोलतात. कोडं किती अवघड आणि वातावरण किती उबदार. मला दोन्ही दुय्यम वाटतात. माझा प्रश्न एवढाच असतो की हा खून उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवला तर चालेल का? चालत असेल तर गाव नुसतं नेपथ्य आहे. चांगल्या कोझीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकमेकांबद्दल जे ठाऊक असतं, कुणाची उधारी कुठे, कुणाकडे कोण येऊन राहिलंय, तोच पुराव्याचा साठा असतो.

अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) या कसोटीवर आजही पहिल्या नंबरात येते. चिपिंग क्लेगहॉर्न गावच्या गॅझेटमध्ये सकाळी छोटी जाहिरात येते: अमुक घरी, संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे, मित्रांनी यावं. सगळे जातात. हा काहीतरी खेळ असणार, असंच सगळे धरून चालतात. प्रत्येकजण काहीतरी लंगडी सबब घेऊन पोहोचतो आणि दिवाणखान्यात शिरताच घर तापवायची यंत्रणा इतक्यातच सुरू केलीत का, असं विचारतो. निव्वळ औपचारिक बोलणं. वाचक ते ओलांडून पुढे जातो. पण युद्ध संपून पाच वर्षं झाली तरी इंग्लंडात टंचाई होती, कोळसा जपून जाळायचे दिवस होते. एखाद्या घरी तो लवकर पेटला, तर गावाच्या नजरेतून सुटणार कसा? तेच वाक्य पुढे पुराव्यात जमा होतं. कसं, ते सांगत नाही.

रेशनिंगमुळे गावात चोरून देवाणघेवाण चालते. मागची दारं उघडीच असतात, कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात काहीबाही ठेवून जातं. नियमात न बसणाऱ्या या व्यवहाराकडे पोलीस अधिकारी कानाडोळा करतो, पण कोण कुणाच्या घरात कधीही शिरू शकतं हे त्यालाही कळून चुकतं. याहून मोठी गोष्ट ख्रिस्तीची हौशी शोधक मिस मार्पल सांगते. पूर्वी गावात येणाऱ्या नव्या माणसाची कुणीतरी शिफारस करायचं. आता लोक येतात आणि स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच बाकीच्यांना ठाऊक असतं. महायुद्धाने विस्कटलेला समाज कोड्याच्या मुळाशी आहे. तो काढून घ्या, कोडंच उरत नाही.

याच पुस्तकात ऊब कुणासाठी आहे, हेही उघडं पडतं. मिट्झी ही मध्य युरोपातून आलेली निर्वासित स्वयंपाकीण. तिच्या नातेवाइकांना मारलं गेलं, असं ती सांगते, आणि सगळे, थोडीफार लेखिकासुद्धा, ती तिखटमीठ लावतेय म्हणून हसतात. नाझी छळछावण्या संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. इथे वाचताना मी दरवेळी अडखळतो. कोझीत कुणाचं दुःख विनोदी ठरतं, हे पाहिल्याशिवाय तिचं मूल्यमापन अर्धवट राहतं.

अमेरिकेने या प्रकाराचा धंदा केला. कॅटरर, बेकरीवाली, सोबत पाककृती. जोअॅन फ्लूकच्या पहिल्या पुस्तकात (२०००) बेकरीमागे दूधवाला मरून पडतो, सभोवती कुकीज विखुरलेल्या. त्यात पोलिसातला मेहुणा बेकरीवाल्या हॅनाला म्हणतो, लोक तुझ्या दुकानात बोलतात, तू कान उघडे ठेव. कल्पना उत्तम आहे. पण मालिका पंचविशीच्या पलीकडे गेली, आणि खून पाककृतींमधली जागा भरायला येऊ लागला. त्या मानाने एम. सी. बीटनची अगाथा रेझिन चोख. लंडनची ही भांडकुदळ बाई कॉट्सवोल्ड्समध्ये राहायला येते, गावच्या स्पर्धेत विकतचा किश स्वतःचा म्हणून ठेवते आणि परीक्षक तो खाऊन मरतो. उपरेपणा, फसवणूक, खून, सगळं एकाच ताटलीत. पुढची पुस्तकं घाईची आहेत.

रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’ने (२०२०) हा प्रकार पुन्हा दर्शनी कपाटात आणला. केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे म्हातारे जुनी प्रकरणं उकरतात. त्यांच्यातल्या एलिझाबेथच्या नवऱ्याचा स्मृतिभ्रंश, कोमात पडलेली मैत्रीण हे भाग ऑस्मन मनापासून लिहितो. मात्र अडचण आली की हेरखात्यातली एलिझाबेथ जुन्या ओळखींतून हवी ती माहिती काढून आणते. तिथे मला फसल्यासारखं वाटतं. असे फोन फिरवणारी बाई कुठल्याही गावात खुनी पकडेल.

मुंबईवरच्या दोन मालिका शेजारी ठेवून वाचाव्यात. वसीम खानच्या इन्स्पेक्टर चोप्राला निवृत्त होताना हत्तीचं पिल्लू मिळतं आणि ते हाउसिंग सोसायटीत येतं. मजा येते, पण हत्तीला तपासात ओढताना लेखकाची दमछाक जाणवते. सुजाता मॅसीची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) दुसऱ्या जातीची आहे. १९२१ची मुंबई, पारशी वकील पर्वीन मिस्त्री, आणि पडद्यात राहणाऱ्या तीन मुस्लिम विधवा. त्यांच्यापर्यंत पुरुष वकील पोहोचूच शकत नाही. तपास फक्त बाईलाच शक्य आहे आणि पडदाच कोड्याचं कुलूप आहे. पर्वीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. त्या नाशिकच्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या, पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेसाठी लढलेल्या. मराठी मुलखातली अशी वकील इंग्रजीत नायिका होते आणि मराठीत होत नाही, याचं मला वैषम्य वाटतं. बाबुराव अर्नाळकरांनी आपल्याला झुंजार आणि काळापहाड दिले, म्हणजे साहस आणि वेषांतर. वाड्यातल्या आत्याबाईच्या चौकस नजरेला आपल्याकडच्या रहस्यकथेने क्वचितच कामाला लावलं.

वाचायला घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: ख्रिस्ती आधी, मॅसी नंतर आणि क्रमाने. ऑस्मनचं पहिलं पुस्तक जरूर वाचा. बेकरीवाल्या मालिकेची दोन पुस्तकं पुरेत. तिसऱ्यापासून पाककृती करून पाहिल्या तरी चालतील.